आंब्याच्या सालीचे पूल

२४ जानेवारी
सोसायटीच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारून झाले. कमिटीत मी, म्हणून दिवसभर उभी मीच. पेंटरला दोनदा बजावलं, रेघ सरळ हवी हां. "मॅडम, टेन्शन नको, एकदम लाइनीत देतो." गेटचा गंज काढायचं मशीन त्याने गेटजवळच्या आंब्यावर फिरवलं, खडबडीत साल गुळगुळीत केली, मग रंग. झकास आलाय पट्टा. मुलुंडात असा दुसरा नसेल.

१६ फेब्रुवारी
आंबा नुसता लगडलाय. एवढ्या बाळकैऱ्या कधीच नव्हत्या. तळमजल्यावरच्या सावंतकाकी खूश. झाड त्यांचंच म्हणायचं. लग्न होऊन आल्या तेव्हा कुडाळहून एसटीत, तेलाच्या डब्यात, मांडीवर घेऊन आणलेलं रोप. लोणच्याची मोठी बरणी आतापासून उन्हात ठेवलीय.

२ मार्च
पाणी घालताना दिसलं. पट्ट्याच्या वरच्या कडेला रंग तडकलाय, साल ओठ सुजल्यासारखी फुगलीय. नखाने रंग खरवडला. खाली साल नाहीच. कोरडं लाकूड. चार बोटं रुंद, खोडाभोवती पूर्ण गोल.
तीस वर्षं अकरावीला हेच शिकवलं. पाणी लाकडातून वर, पानांनी रांधलेलं अन्न सालीतून खाली. गोल साल काढली की पानं हिरवी दिसतात आणि मुळं उपाशी. आकृतीत रेघ वाकडी आली तर मी अर्धा मार्क कापायचे. कैऱ्या लगडल्या त्याही ह्यामुळेच. खाली वाट नाही, सगळं वरच साठलं.
काकींना कसं सांगू…

३ मार्च
नाही सांगितलं. भ्याले.

४ मार्च
सांगितलं. त्यांना पटेचना. "झाड हिरवागार आसा, तुका काय झाला?" हाताला धरून नेलं, लाकूड दाखवलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग, "तीस वर्सां पोरांका काय शिकयलंस गो?"
रडले. चक्क गेटपाशी, वॉचमनसमोर.
संध्याकाळी बेल. काकी, हातात चाकू. "माझो बापूस कलमां बांधायचो. उद्या सकाळी खाली ये."

५ मार्च
त्याच झाडाच्या सहा कोवळ्या काड्या. एक टोक खालच्या सालीत खुपसायचं, दुसरं वरच्या. मधल्या उघड्या लाकडावरून पूल. दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्यांनी आवळलं, मेण लावलं, वर ओलं गोणपाट. एक काडी मी उलटी धरली. "टीचर, शेंडो वर!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.
माझी एकही काडी सरळ बसेना. काकी म्हणाल्या, "सरळ कित्याक होयी? साल सालीक लागाक होयी."
झाडाचा भार कमी व्हावा म्हणून निम्म्या बाळकैऱ्या त्यांनीच काठीने पाडल्या. बरणी स्वतः उचलून घरात नेली. मी मदत करू म्हटलं तर नको म्हणाल्या.

२९ मार्च
दोन काड्या काळ्या पडल्या. दोन्ही माझ्याच. चार हिरव्या. सारखं उघडून बघावंसं वाटतं, काकी हातावर फटका मारतात.

२० एप्रिल
एका पुलावर तांबूस पालवी! जिना धावत उतरून काकींना बोलावलं. आल्या, बघितलं आणि खुडून टाकली. माझा जीवच गेला. "तेका पानां काढूक नाय ठेवला. जेवाण खाली न्हेवचा, ह्या तेचा काम." पण हसल्या. दीड महिन्याने पहिल्यांदा. फार बरं वाटलं.

१४ मे
चारही पूल जाड झालेत. एका फांदीचे शेंडे मात्र सुकलेत. मुळांपर्यंत काय पोचतंय ते दिसत नाही, आणि उकरून बघायची सोय नाही. काकी रोज विचारतात, "मुळां जेवली काय गो?" रोज तेच उत्तर, माहीत नाही काकी.
आज उरलेल्या कैऱ्यांचं लोणचं दिलं, छोट्या बरणीत. "मोठी बरणी फुडल्या वर्साक."
रात्रीच्या जेवणात तेच, वरण-भाताबरोबर. मग वहीत आकृती काढली. खोड, चार पूल, अन्न खाली नेणारे बाण. सगळ्या रेघा वाकड्या. रबर हातात घेतलं, परत ठेवून दिलं. मुळांपाशी बाणाची जागा तेवढी कोरी सोडलीय.