चाळिसावं पुस्तक

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही ठीक. तुझे डोळे कसे आहेत? इतकी वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून ते अजून जागेवर आहेत हेच नवल.

तुला माहीतच आहे, वीस वर्षांपूर्वी इकडे राजकीय सिद्धान्त, आंतरराष्ट्रीय संबंध, गुन्हेशास्त्र आणि इस्लामी तत्त्वज्ञान या चारही विभागांना एकच प्रमुख ठेवायचं ठरलं. बाकीचे तिघे निवृत्त झालेले, म्हणून तो मी. वासरांत लंगडी गाय. आता नव्या प्राचार्यांचं फर्मान आहे: 'आवश्यक वाचन' यादीतली चाळीसही पुस्तकं वीस तारखेला समितीपुढे ठेवा. 'ही सर्व पुस्तकं मी वाचली आहेत' असा दाखला मी दरवर्षी सही करून देतो. एक जरी निघालं नाही तर दाखला खोटा आणि मी घरी. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत.

एकोणचाळीस सापडली. इस्लामी तत्त्वज्ञानातलं शेवटचं, 'निकालानंतरची शांतता', लेखक अज्ञात, कुठेच नाही. यादी तूच तपासली होतीस, तर प्रकाशक आठवतो का? तुला म्हणून सांगतो, मी ते वाचलेलं नाही. परीक्षेत प्रश्न मात्र तीनदा विचारलाय. एका मुलीला वीसपैकी सतरा दिले.

लोभ आहेच, तो उत्तर लवकर धाडून दाखव.

तुझा,
धाकटा

९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सतरा जरा जास्तच झाले. ते पुस्तक नाहीच.

बाबा गेले त्याच आठवड्यात तुझी यादी छपाईला आली. इस्लामी तत्त्वज्ञानात जागा दहा, नावं नऊ. फोरमन म्हणाले, बाई, ओळ रिकामी जाता कामा नये. फौजदारी कोर्टात स्टेनोगिरी करणारे आपले बाबा 'पुस्तक लिहितोय' म्हणून दर रविवारी दार लावून बसायचे, आठवतं? त्यांची वही मला आदल्याच दिवशी कपाटात सापडली होती. पहिल्या पानावर हे नाव होतं. मी ते त्या ओळीत बसवलं आणि मुद्रित तुझ्याकडे तपासायला पाठवलं. वाटलं, तू विचारशील. तू सही करून परत पाठवलंस. एकोणीस वर्षं झाली.

वही कापडी बांधणीत बांधून पाठवतेय. पदरचं काही घातलेलं नाही. समितीला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. पण आधी उघडून बघ. सवय नाही, माहीत आहे.

राग आला तरी माया पातळ करू नकोस.

ताई

२४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वही वीस तारखेला सकाळी पोचली. उघडायला वेळ नव्हता. खरं काय ते सांगायचं ठरवूनच गेलो होतो. अध्यक्षांनी वही हातात घेऊन वजन पाहिलं, तेवढ्यात गुन्हेशास्त्राचे पाहुणे सदस्य म्हणाले, हे आम्ही विद्यार्थिदशेत वाचलंय, तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. दुसरे म्हणाले, आजही तितकंच महत्त्वाचं आहे. दोन वाचकांपुढे मी काय बोलणार? यादीवर खूण झाली.

संध्याकाळी रिकाम्या वाचनालयात बसून ते वाचलं. दोनशे बारा पानं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात तारीख, आरोपीचं वय आणि 'फाशी' किंवा 'जन्मठेप'. बाकी पान कोरं.

एकशे सातव्या पानावर माझ्या पदवीचा दिवस आहे. मी पहिला आलो होतो. बाबा उशिरा आले, एक शब्द न बोलता जेवले आणि झोपले. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो, तुला ठाऊक आहे. पानावर 'वय एकवीस, फाशी' असं आहे. मीही एकविसाचाच होतो.

रडू येईल असं वाटलं. आलं नाही. पंख्याची एक पाती घासत होती, ती ऐकत बसलो. मग पुढचं पान उलटलं, शेवटपर्यंत.

काल यंदाचा दाखला भरला. 'ही सर्व पुस्तकं मी वाचली आहेत' खोडून 'यातलं एक पुस्तक मी वाचलं आहे' असं लिहिलं, सही केली आणि प्राचार्यांपुढे उभा राहिलो. त्यांनी न वाचता शिक्का मारला.

तू लिहीत जा. हल्ली वाचतो.

तुझा,
धाकटा