मशीनरूमचा पत्ता

४ नोव्हेंबर, वेंगुर्ले

मिरजेहून एस.टी.ने आले. आंबोलीच्या घाटात धुकं, खाली उतरल्यावर एकदम उकाडा. बंदराजवळचा हा बर्फाचा कारखाना मला बघताक्षणी आवडला. लाद्या घसरत खाली येतात, क्रशरमध्ये फुटतात आणि ट्रॉलरवाले टोपल्या भरून नेतात. नेटवर्कचं काम इथे कुणालाच येत नाही, म्हणून मॅनेजर प्रीतमसर माझी वाटच पाहत होते. राहायची सोय मशीनरूमचे ऑपरेटर सुदेशभाऊ यांच्या घरी, मागच्या खोलीत. त्यांच्या बायकोने, शर्मिलावहिनींनी, बांगड्याचं तिखलं केलं होतं. पोट भरलं तरी मी भात घेतच राहिले.

६ नोव्हेंबर

तक्रार अशी की नवे कॅमेरे आणि ऑफिसातले फोन अधूनमधून नेटवर्कला जोडलेच जात नाहीत. आज कारण सापडलं. प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर एक पत्ता लागतो आणि इथे ते वाटून देण्याचं काम नेटवर्कचा मुख्य स्विच करतो. वाटायचे पत्ते थोडे, एकदा दिलेल्या पत्त्याची मुदत भरमसाट. येऊन गेलेल्या प्रत्येक ट्रॉलरवाल्याचा फोन एकेक पत्ता अडवून बसलेला.

सुदेशभाऊंनी मशीनरूम दाखवली. बर्फ करायला अमोनिया वायू लागतो. तो गळला तर भिंतीवरचा सेन्सर नेटवर्कवरून भोंगा वाजवतो. त्यांचे जोडीदार भिकाजीकाका म्हणाले, भोंगा आहे म्हणून आम्ही आत निवांत बसतो.

७ नोव्हेंबर

वाटलेले सगळे पत्ते पुसले, मुदत कमी केली, कॅमेऱ्यांसाठी पत्ते राखून ठेवले. दुपारपर्यंत सगळे कॅमेरे चालू. प्रीतमसरांनी सर्वांसमोर कौतुक केलं.

निघताना सुदेशभाऊंनी विचारलं, "मशीनरूमातलो सेन्सर बघलंस मां गो?"

मी हो म्हणाले. पाहिला नव्हता. उद्या पाहणार होते.

८ नोव्हेंबर

सुदेशभाऊ गेले. सकाळी व्हॉल्व्ह फुटला, वायू भरला, भोंगा वाजलाच नाही. भिकाजीकाका चहाला बाहेर गेले होते म्हणून वाचले.

सगळे मशीनरूमकडे धावले, मी स्विचकडे. सेन्सर पत्ता मागत होता, मागतच होता. त्याचा कायमचा पत्ता मी गेटवरच्या कॅमेऱ्याला देऊन बसले होते. तो परत सेन्सरला दिला आणि कुणी पाहायच्या आत बाहेर आले.

१० नोव्हेंबर

पोलिसांनी सेन्सर काढून नेला. तो ठीक आहे, म्हणजे भोंगा कुणीतरी बंद केला असणार, असं त्यांचं म्हणणं. भिकाजीकाकांना ठाण्यात बसवून ठेवलंय. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, मशीनरूमच्या कशालाही मी हात लावला नाही.

घरी सुतक. शेजारून आलेल्या जेवणातलं माझं ताट वहिनींनी झाकून ठेवलं होतं. म्हणाल्या, "हे त्या दिवशी जेवूक इले नाय. तू तरी जेव गो."

जेवले. ताट धुऊन पालथं घातलं.

१३ नोव्हेंबर

मशीनरूमचा सेन्सर पत्ता मागतोय. स्विचवर दिसतो तो त्याचाच नंबर, जो यंत्र बनतानाच ठरतो आणि दुसऱ्या कशालाच नसतो.

सेन्सर पोलिसांकडे सीलबंद आहे. मशीनरूमकडे जाणारी वायर मी स्वतः काढली. मागणी थांबत नाही.

१४ नोव्हेंबर

त्याने गेटवरच्या कॅमेऱ्याचा पत्ता घेतला. कॅमेरा बंद पडला. थोड्या वेळाने गेटवरचा वॉचमन डोळे चोळत आत आला, अमोनियाचा वास येतोय म्हणाला. कारखाना बंद आहे. टाक्या रिकाम्या आहेत.

भिकाजीकाकांची बायको ऑफिसच्या पायरीवर बसली होती. मी मागच्या दाराने निघाले.

१५ नोव्हेंबर

एका यंत्राला दोन पत्ते मिळत नाहीत. ह्याला मिळताहेत. आधी प्रिंटरचा — मग प्रीतमसरांच्या फोनचा. सर खोकत खोकत खाली बसले. ओठ निळे. दवाखान्यात नेलं.

मी स्विचचा प्लग उपटला. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं —

१६ नोव्हेंबर

लॅपटॉप घरी आणला. इथला राउटर वेगळा, कारखान्याशी संबंध नाही. तरी तोच नंबर.

माझ्या लॅपटॉपचा पत्ता त्याने घेतला. खिडकी लावून वाट पाहत बसले. वास नाही. खोकला नाही. काहीच नाही.

मला का सोडतोय —

१७ नोव्हेंबर

वहिनींचा फोन. आत्ता. त्या फोनचा पत्ता घेतला त्याने —

स्वयंपाकघरात खोकताहेत. वास माझ्या खोलीपर्यंत. दार उघडत नाही. हाक मारते तर आवाज फुटत नाही. ह्याच पानावर लिहून दाराखालून सरकवते —

वहिनी, बाहेर पडा. आधी बाहेर पडा. भिकाजीकाकांनी काही केलेलं नाही. भोंगा वाजला नाही कारण मी