लिंबू चोळू नकोस

लिती,

होडी घेऊन खडकापलीकडे जातोय, दुपारी जेवायला येईन. तारोचे कंद उकडून झाकून ठेवलेत.

काल मी एकटाच दवाखान्यात गेलो होतो. नर्स केलेरा म्हणाली, "काका, या वयात मुरूम?" मी म्हटलं, "माझ्या पोरीला आलेत, आणि तिने आरशावर चटई टांगलीय." मग ती हसायची थांबली.

आत्या काहीही म्हणो, यात ना मळाचा दोष, ना पापाचा. तुझ्या वयात कातडीतून तेल जास्त सुटतं आणि छिद्रं बुजतात, एवढंच. तेव्हा लिंबू चोळू नकोस, खोबरेल केसांपुरतंच ठेव आणि मुरूम फोडू नकोस, डाग राहतात. नर्सने दिलेलं मलम खिडकीत ठेवलंय, रात्री हलक्या हाताने तोंड धुऊन ते पातळसं लाव. जरा चुरचुरेल. गुण यायला दोनेक महिने लागतात म्हणे. मलमाने कापडाचा रंग उडतो, म्हणून उशीला आईचं पांढरं कापड घातलंय. नुसतं जपून ठेवून तरी करायचं काय?

चर्चमध्ये गायला हल्ली तू येत नाहीस, याबद्दल मी कुणाला काही बोललो नाही, तुलाही बोलणार नाही. पण आज पहाटे समुद्र अगदी निवांत होता, मी वल्हं घेऊन दारात आलो आणि तू झोपेत गात होतीस. आख्खं कडवं. ते संपेपर्यंत पाय उचलेना, म्हणून निघायला उशीर झाला.

तुझा ताता