'ज्ञानगोदा'ची लिंक सर्वांना

६ जानेवारी, सोमवार
आजपासून सहावी ब पेपरलेस! ड्राइव्हवर फोल्डर उघडला. नाव 'ज्ञानगोदा'. नाव सुचण्यातच तिसरा आणि चौथा तास गेला, पण नाव महत्त्वाचं. १७ तारखेला केंद्रप्रमुख साहेब येणार. 'तंत्रस्नेही शिक्षक' प्रमाणपत्रासाठी शाळेतून एकाची निवड, वाटप सव्वीस जानेवारीला. दुसरं आहे कोण? अ तुकडीच्या योगिनी मॅडम अजून खडूने हात पांढरे करतात. घरी हॉलमध्ये खिळा ठोकून ठेवला. बायको म्हणाली, आधी प्रमाणपत्र तरी येऊ द्या. स्नेहलला दूरदृष्टी नाही. सासऱ्यांना सव्वीस जानेवारीचं आमंत्रण दिलं.

८ जानेवारी, बुधवार
मुलांना शाळेत मोबाइल बंदी, म्हणून लिंक पालकांना पाठवली. सगळ्यांना एडिटचा अधिकार. योगिनी मॅडम म्हणाल्या, फक्त बघण्यापुरता द्या. मी म्हणालो, विश्वास हा शिक्षणाचा पाया आहे. त्या खडू घेऊन वर्गावर गेल्या. पटलं असावं.

१० जानेवारी, शुक्रवार
गृहपाठ: 'आमची गोदावरी'. झाडून सगळ्यांचे निबंध आले! रुद्रच्या आत्याचा पाय घाटावर घसरला होता. वेदिकाच्या आत्याचाही. सनीच्याही. वर्गातली एकही आत्या सुटलेली नाही. शेवाळ फार झालेलं दिसतंय. आईला घाटावर जाऊ नको म्हणून बजावलं.

१३ जानेवारी, सोमवार
पालकांचा उत्साह दांडगा. वेदिकाचे वडील, रंगनाथ गुरुजी, यांनी फोल्डरमध्ये लग्नाचे मुहूर्त टाकले. सनीचे वडील पुंजाभाऊ भाजीबाजारात असतात, ते रोज कोथिंबिरीचा भाव टाकतात. कुणीतरी जावळाचा अख्खा व्हिडिओ टाकलाय. मी 'परिसर अभ्यास' असा सब-फोल्डर करून सगळं त्यात सरकवलं. पंचवटीत पुंजाभाऊ भेटले. म्हणाले, "सर, लय भारी सोय केली. देवळ्याच्या व्यापाऱ्यांलाबी हीच लिंक दिली म्या." कीर्ती पार देवळा तालुक्यात पोचली.

१६ जानेवारी, गुरुवार. दुपार
उद्या साहेब, आणि आज फोन हँग. जागा भरली. काय ते जावळ! फाइली क्लाउडवर सुरक्षित असताना फोनवर ओझं कशाला? 'ज्ञानगोदा' सिलेक्ट केला, डिलीट केला. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. अर्धवट काम मला जमत नाही.

संध्याकाळ
पालकांचे फोनवर फोन. फोल्डर कुठे गेला? क्लाउडमध्ये काहीतरी बिघाड दिसतोय. नवा फोल्डर करून कळवलं, ज्याच्याकडे जे असेल ते परत टाका. तासाभरात भरला. पुंजाभाऊंनी नवी लिंक देवळ्यालाही पाठवली. निबंध तेवढे कुणाकडेच नाहीत, ते थेट फोल्डरमध्येच लिहिलेले.

१७ जानेवारी, शुक्रवार
प्रोजेक्टर लावला. साहेब म्हणाले, गृहपाठ दाखवा. जावळ सुरू झालं. बाळ फार रडलं. बंद करायला गेलो तर कोथिंबीर उघडली, मग मुहूर्त. मुहूर्तांपाशी साहेब बराच वेळ थांबले. म्हणाले, "ही लिंक मलाही पाठवा." योगिनी मॅडमनी म्हणे नुसते मुलांच्या वह्यांचे फोटो त्यांच्या फोल्डरमध्ये टाकलेत. फोटो! प्रमाणपत्र नक्की.

२१ जानेवारी, मंगळवार
साहेबांनी फोल्डरमध्ये फाइल टाकली! प्रमाणपत्रच असणार म्हणून उघडली. त्यांच्या मुलीचा बायोडेटा. उंची, रास, अपेक्षा. विश्वास असल्याशिवाय माणूस असं टाकेल का? आता फक्त फ्रेमचं माप घ्यायचं.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन झालं. सासरे पहिल्या रांगेत, मोबाइल वर धरून. प्रमाणपत्र योगिनी मॅडमना.

नंतर साहेबांनी मला बाजूला घेतलं. कोथिंबिरीचा भाव बघता बघता देवळ्याच्या एका व्यापाऱ्याने बायोडेटा पाहिला म्हणे, मुलासाठी. बघण्याचा कार्यक्रम ठरला. "तुमचे उपकार आहेत, सर. जेवायला यायचं." वाईट वाटलं. खूपच वाटलं. तरी मुहूर्त कुठल्या सब-फोल्डरमध्ये आहेत ते त्यांना दाखवून दिलं.

परतताना पुंजाभाऊंनी पिशवी भरून कोथिंबीर दिली, पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर स्नेहलने ती हॉलमधल्या खिळ्याला अडकवली. सासऱ्यांनी तिचा फोटो काढला.

पिशवी चांगली जड आहे. खिळा हललासुद्धा नाही.