काळ्या पानांचा क्रम

प्रिय ठमे,

त्या सकाळी दूध तापवून झालं होतं, कपडे भिजत घातले होते आणि मला भाजी चिरायला टेबल हवं होतं. टेबलावर तुझ्या बाबांनी नमुन्याचा अल्बम मोकळा करून ठेवला होता. पानं धरून ठेवणारे स्क्रू बशीत, काळी पानं सगळीकडे पसरलेली, आणि हे चष्मा कपाळावर चढवून एक पान इथून तिथे, तिथून इथे. मी म्हटलं, आटपा जरा, नाहीतर आज फोटोच वाढते ताटात. म्हणाले, दोन मिनिटं. त्यांची दोन मिनिटं तुला माहीत आहेत. शेवटी मी ओट्याशी उभ्याउभ्याच भाजी चिरली, त्यांच्याकडे पाठ करून.

हे रोजचंच होतं. गिऱ्हाईक कोण येणार त्यावर पानांचा क्रम ठरायचा. लग्नघरातली मंडळी येणार असली की आधी म्हातारी माणसं, कारण शेवटचा शब्द त्यांचाच असतो. लेकुरवाळी येणार असली की आधी भोकाड पसरलेली मुलं, म्हणजे तिला धीर यायचा. मग स्क्रू आवळायचे, अल्बम गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवायचा आणि आपण खिडकीशी जाऊन उभं राहायचं. बोलायचं काही नाही. हात कुठल्या पानावर रेंगाळतो ते काचेत बघायचं. तू मध्येच ‘हा माझ्या बाबांनी काढलाय’ म्हणून ओरडायचीस, म्हणून तुझी रवानगी आत माझ्याकडे व्हायची.

त्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका येणार होत्या. माझं तोंड कॅमेऱ्याला सोसत नाही, असं फोनवर आधीच सांगून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्यासाठी बाबांनी सुरुवातीला नुसते हात लावले. शिंप्याचे, कुंभाराचे, कपबशी धरलेले, काठीवर टेकलेले. चेहरे अगदी शेवटी. ज्याला स्वतःच्या तोंडाची भीती, त्याला आधी हात दाखवावेत, म्हणाले. मी भाजी चिरतच राहिले, अजून टेबलावरून रुसलेलीच होते. त्यांनी स्क्रू आवळले, अल्बम बाहेर नेऊन ठेवला, शर्टाची बटणं लावायला म्हणून खुर्चीत बसले ते बसलेच. पुढचं तुला सांगायला नको. बाईंना आज येऊ नका म्हणून शेजारच्या इस्त्रीवाल्यांनी कळवलं.

तेव्हापासून त्या स्क्रूंना मी हात लावलेला नाही. अल्बम उघडते मात्र. मी अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या आणि रद्दीतली मासिकं जुळवत, त्यामुळे एकापुढे दुसरं का आलं हे बघायची मला खोडच आहे. शिंप्यानंतर कुंभार का? काठीवरचा हात कपबशीच्या आधी का नाही? असं विचारत बसलं की ते खिडकीशी उभे आहेत आणि आता वळून सांगतील असं वाटतं. बाकी घरात त्यांचं खूप काही आहे गं, कपडे आहेत, चष्मा आहे. पण त्यांनी विचार करून मांडलेलं आणि अजून तसंच राहिलेलं एवढं एकच.

तू मागच्या खेपेला टॅबवर तुझं काम दाखवलंस, ते मला आवडलं, तोंडदेखलं सांगत नाही. बोटांनी फोटो मोठा केलास तर सुईच्या नाकातला दोरा दिसला. बाबा असते तर दिवसभर तोच खेळ खेळत बसले असते. फक्त ते सर्रकन पुढे जातं, डोळा टेकेपर्यंत दुसरंच काही आलेलं असतं. तू म्हणालीस, आई, आता गिऱ्हाईक आपल्या खुर्चीत येऊन बसत नाही, ते बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने आपलं सगळं आयुष्य बघून टाकतं. खरं आहे तुझं. त्या नव्या रुग्णालयाच्या भिंतींसाठी तुझे आणि बाबांचे फोटो शेजारी शेजारी दाखवायचे, ही कल्पनाही चांगली. निगेटिव्ह ओलीने गेल्या, तेव्हा पानं सुटी करून स्कॅन करण्यावाचून इलाज नाही, तेही समजतं. पानांच्या मागे पेन्सिलने आकडे टाक, मी अल्बम होता तसा लावून देईन, म्हणालीस. मी बघते म्हटलं. मग डोळे दुखतात म्हटलं, मग स्क्रू गंजलेत म्हटलं. परवा फोनवर तू नुसतं माझ्या गुडघ्याचं विचारलंस आणि ठेवलास. मुदत संपत आली असणार, तरी तू अल्बमचं नाव काढलं नाहीस. ते मला लागलं.

म्हणून मी त्या शिक्षिकाबाईंना फोन लावला. ज्यांच्यासाठी मांडलंय त्यांनी एकदा बघावं, मग सोडवू, असं मनाशी धरलं. बाई आल्या. मी अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. काचेत बघते तर बाईंनी अल्बम उलटा केला आणि मागून सुरू केलं. आधी सगळे चेहरे, ओळीने. इकडून नाही, तिकडून, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तुझे बाबा कधी कुणाला टोकत नसत. बाई म्हणाल्या, मला मासिकं मागूनच चाळायची सवय, मुलांचे पेपरही मी शेवटच्या प्रश्नापासून तपासायचे. मला हसू आवरेना. इतकी वर्षं मी जपलं काय आणि बाईंनी केलं काय. त्याही हसायला लागल्या, कशाला ते न विचारता. मग एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर त्यांचा हात थांबला, बराच वेळ. असा माझा कुणी काढेल का, म्हणाल्या. मी म्हटलं, माझी मुलगी काढेल. त्यांचा नंबर सोबत आहे.

या पार्सलातल्या पानांच्या मागे आकडे नाहीत. मी विसरले असं समजू नकोस, एवढंच सांगायला हे पत्र. क्रम तू लाव, ज्यांना दाखवायचं त्यांच्याकडे बघून. परत पाठवायची घाई करू नकोस. बाई गेल्या त्या संध्याकाळी मी अल्बम एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल पुसलं, स्क्रू काढले, पानं जुन्या चादरीत गुंडाळली आणि पार्सल देऊन आले.

तुझीच,
आई