शेवटचे सोळा पानांचे फर्मे

१४ नोव्हेंबर

ताई, सहा वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही. माफ कर. आज लिहिते आहे तेही मृत्युपत्र. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

मी, वय सेहेचाळीस, बुकबाइंडरची धाकटी मुलगी, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कालपासून हादरलेले आहे, एवढेच. कोणी भरीस घातलेले नाही. मार्चमधले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात 'माझे एकही पुस्तक थोरल्या बहिणीला देऊ नये' असे कलम होते. आज ते वाचून लाज वाटली.

१. राहते घर भाचीला.

२. बाबांची दाभणे, कात्र्या आणि दाबयंत्र वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना. अट एकच: फाटक्या पुस्तकांना चिकटपट्टी लावणे थांबवावे. त्यांना वाटा असल्यामुळे त्यांना साक्षीदार केलेले नाही.

३. पुस्तके. इथे थोडे सांगायला हवे.

हॉस्पिटलात माझ्या आवडत्या लेखिकेचा कथासंग्रह न्यायचा होता. बाबांनी बांधून दिलेल्या प्रतीतली अक्षरे आता दिसत नाहीत, म्हणून काल वाचनालयातून मोठ्या टाइपाची प्रत घेतली. तिच्यात शेवटची गोष्ट निराळीच! मला पाठ असलेली गोष्ट त्यात नाहीच. बाईंनी शोधून दिली. ती ताईच्या आवडत्या लेखकाच्या संग्रहात निघाली, शब्दन् शब्द. 

"अहो, ज्याला जन्मभर रडूबाई म्हणालात, त्याचीच गोष्ट डोक्यावर घेऊन नाचत होतात की!" बाई म्हणाल्या.

बाबांनी दोन्ही पुस्तकांचे सुटे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, आणून एकाच दिवशी शिवले होते. शेवटचे सोळा पानांचे फर्मे अदलाबदल झाले. अनुक्रमणिका नव्हतीच. माझ्या प्रतीत पान १६० नंतर १७७ येते. ते मी पाहिले होते. छपाईची चूक म्हणून सोडून दिले. ताईच्या प्रतीत १७६ नंतर १६१ असेल. मी पाहिलेले नाही, म्हणून 'बहुधा' म्हणते.

सहा वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर पुस्तके वाटून घेताना ताई म्हणाली होती, "आमच्या लेखकाची शेवटची गोष्ट वाच गं. एक अश्रू नाही त्यात, तरी घसा दाटतो."

मी म्हणाले, "त्याला जन्मात जमायचं नाही ते. तुला काय कळतंय वाचनातलं!"

ताई उठून गेली. ती माझ्याच लेखिकेचे कौतुक करत होती. ताईची प्रत मी एकदा उघडली असती तरी पुरे होते.

माझी प्रत ताईला. फर्मा काढून दुरुस्त करू नये.

वाचनालयाच्या प्रतीतली शेवटची गोष्ट मी पहिल्याच वाक्यावर मिटून ठेवली आहे.

साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले (सही), वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही)
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक वर लिहिला आहे.
सही: धाकटी

उद्याचे काम: ताईला फोन करून विचारणे, तुझ्या पुस्तकातली शेवटची गोष्ट मला वाचून दाखवशील का.