तू वाचून दाखवलेली पत्रं

लिस्बन, ९ ऑक्टोबर १९८६

प्रिय एर्मेलिंदा,

पाय कसा आहे तुझा? सूज उतरली का? मी बरी आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चाललेय असं गावात सांगून निघाले होते, पण तो डॉक्टर काही मी अजून पाहिलेला नाही. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरले तर समोर कबरस्तान. म्हटलं, लिस्बनवाल्यांनी म्हाताऱ्यांची सोय बरी केलीय.

मी राहते ती वस्ती त्याच्या अलीकडेच. रस्ते सरळ, झाडं एका उंचीची, खिडक्यांत कॅनरीचे पिंजरे. शांतता एवढी की कुत्रंसुद्धा भुंकायच्या आधी विचारून घेत असेल. बागेत म्हातारे पत्ते खेळतात, तेही कुजबुजत. पहिल्या दिवशी मी रस्त्यावरून "फेलिस्बेला" अशी हाक मारली, तर तीन मजल्यांवरचे पडदे हलले.

हो, माझीच फेलिस्बेला. आता तू खुर्ची ओढून बस.

सप्टेंबरात तू पाय दाखवायला बहिणीकडे गेलीस, तेव्हा एक पत्र आलं. तू नव्हतीस म्हणून नव्या पोस्टमननं वाचलं. टकल्या अडखळत वाचतो, तुझ्यासारखा गोड गळा नाही त्याला. "आई, अकरा वर्षं मी लिहिलं नाही. तू जिवंत आहेस का, एवढंच कळव." मी म्हटलं, पुन्हा वाच. त्यानं वाचलं, तर तेच आलं, शब्दाला शब्द. तुला पुन्हा वाच म्हटलं की दर वेळी थोडं वेगळं यायचं. मला वाटायचं, कागदाचं असंच असतं.

फेलिस्बेला इथं एका इमारतीची राखण करते. जिने पुसते, लोकांचं टपाल वाटते. दार उघडून म्हणाली, "कोण हवंय तुम्हाला?"

मी म्हटलं, "आईला अहो-जाहो कधीपासून करायला लागलीस?"

"तुम्हीच लिहिलं होतंत, मला आई म्हणू नकोस म्हणून."

मग तिनं खणातून पत्रं काढली. बारा. प्रत्येकाखाली माझा अंगठा. मी तुला सांगितलं होतं, लिही, "ये, तुझी खाट अंथरून ठेवलीय." तू लिहिलंस, "इकडे फिरकू नकोस. तुझ्या लेकराला या घरात जागा नाही." आणि त्याखाली मी शाई लावून अंगठा दाबला. जाताना तुला अंडी दिली.

तिला लेकरू झालं हे मला चोवीस वर्षं ठाऊक नव्हतं. तिनं ते पत्रात कळवलं, तेव्हा तू वाचलंस, "काम फार आहे, यायला जमत नाही." लेकराचा बाप कोण तेही त्याच पत्रात होतं. तुझा मुलगा अबीलियो. त्याच हिवाळ्यात तू त्याचं लग्न गिरणीवाल्याच्या मुलीशी लावलंस. मी त्या लग्नात नाचले, एर्मेलिंदा. आणि माझ्या पोरीला बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तूच हातांवर धरलं होतंस.

फेलिस्बेलाला सगळं सांगितलं. तिनं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. म्हणाली, "खरं असेल तुमचं. पण मी जी रडले ती काही खोटं रडले नाही." अजून अहो-जाहोच करते. कोबीचं सूप वाढते आणि मी पहिला घोट घ्यायच्या आत ती दुसऱ्या खोलीत जाते. राहा म्हणत नाही, जा म्हणत नाही. म्हणून मी बसलेय. तिच्या तोंडून एकदा "आई, तू" ऐकेपर्यंत उठणार नाही, मग त्या कबरस्तानापर्यंत न्यायची वेळ आली तरी चालेल. लांब नाही. माझ्या कोंबड्या तू ठेवून घे. त्यांना वाचता येत नाही, तुझ्याकडे सुखी राहतील.

हे मी बोलतेय आणि लिहितेय इदालिना, फेलिस्बेलाची मुलगी. शाळेत शिकवते. हनुवटी तुमच्या घरची आहे, त्याला तिचा इलाज नाही. मघाशी मी तिला म्हटलं, "शेवटी आजीचा आशीर्वाद माग. पत्रात तशी रीत असते."

तिनं पेन उचललं. "कोणत्या आजीचा? मला एकच आहे, आणि ती माझ्यासमोर बसलीय."

तेव्हा तिच्याकडून काही नाही. माझ्याकडून एवढंच, की जे नातं तू चोवीस वर्षं वाचायचं टाळलंस, ते आज तिच्याच हातानं खाली लिहून घेते.

तुझी विहीण,
कुस्तोदिया